शेपटाची हिरवी झेंडी

रविवार, ता. ३

आजपासून दैनंदिनी लिहायला घेतली आहे. पुढेमागे कोणी विचारलंच की पंपहाउस कसं वाचलं, तर सगळं लिहिलेलं असावं. वाचलं नाही, तर वही रद्दीत जाईल आणि प्रश्नच मिटेल.

झालं असं. काल वसाहतीच्या सभेत समोरच्या घरातले वकील उभे राहिले आणि म्हणाले, तळ्यावर होड्या खेळायला बाहेरची माणसं येतात, त्यांच्या गाड्या आपल्या फाटकांसमोर लागतात, तेव्हा तळ्याकाठचं ते बंद पडलेलं पंपहाउस पाडून तिथे पार्किंग करावं. टाळ्या पडल्या. ज्या पंपहाउसने या वसाहतीला पहिलं पाणी दिलं आणि जिथे मी अख्खी नोकरी केली, ते पाडायचं म्हणता? असं मी कडाडून विचारणार होतो. पण राग आला की माझं पहिलं वाक्य घशातच बसतं. तेवढ्यात वकिलांनी त्यांची ठेवणीतली गोष्ट काढली. तरुणपणी त्यांनी पाण्यासाठी पालिकेत एक सणसणीत अर्ज टाकला आणि त्याच दिवशी भर दुपारी, वेळ नसताना, सगळ्या नळांना पाणी आलं. "एक अर्ज टाकला, आणि दुपारी पाणी! अर्जाची ताकद काय असते ते मला सांगू नका." ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्या दुपारबद्दल मलाही थोडी माहिती आहे, पण मी ती कधी काढलेली नाही आणि इथेही काढणार नाही.

शेवटी पालिकेचा माणूस म्हणाला, उद्यान अधीक्षक बाई महिन्याच्या शेवटच्या रविवारी स्वतः येऊन पाहतील. लोक ते बघायला येत असतील तर पंपहाउस राहील, नाहीतर पाडू.

ठीक आहे. लोक येतील. मी आणतो.

मंगळवार, ता. ५

योजना पक्की झाली. दर रविवारी सकाळी 'ऐतिहासिक पदभ्रमण'. मार्ग: वसाहतीचं फाटक, ओढ्यावरचा जुना दगडी पूल, टेकडीवरचा टेहळणी मनोरा, मग तळ्याच्या कडेने पायवाट आणि शेवटी, मुख्य आकर्षण म्हणून, पंपहाउस. लोक तळ्यावर जातात ते होडीत बसून पाय मारायला. जाताना वाटेत इतिहास उभा आहे याचा कोणाला पत्ताच नाही.

लेकीचा फोन आला. ती डोंगर भटकणारी. म्हणाली, "बाबा, माणसं न्यायची तर पुढे एक झेंडी आणि शेवटी एक झेंडी हवी. पुढचा वाट दाखवतो, शेवटचा म्हणजे शेपूट. शेपटाच्या मागे कोणी राहता कामा नये." मला हे शास्त्रशुद्ध वाटलं. लाल झेंडी अर्थात माझी. हिरवी आमच्या सौ.ला, म्हणजे हिला दिली. हिने दोन्ही झेंड्या मशीनवर शिवून दिल्या.

"मी काय बोलायचं?" हिने विचारलं.

"काहीच नाही. कोणी मागे राहत नाही ना, तेवढं बघायचं. बोलायचं काम माझ्याकडे."

"बरं झालं," ही म्हणाली. इतकी वर्षं संसार केला, पण हिला जबाबदारी वाटून दिली की ही किती चटकन समजून घेते, हे आज पुन्हा जाणवलं.

शुक्रवार, ता. ८

हिच्या शिलाई मशीनचं तेल घेऊन पंपहाउसला जाऊन आलो. किल्ली अजून माझ्याकडेच आहे. निवृत्तीच्या दिवशी मी ती द्यायला गेलो तेव्हा साहेब जेवायला गेले होते. पंप गंजलाय, पण छताखालचा हाताने फिरवायचा भोंगा ठणठणीत आहे. पूर्वी पाणी सोडायच्या आधी मी तो फिरवायचो आणि सगळी वसाहत बादल्या घेऊन नळावर यायची. तेल घातलं. फिरवला मात्र नाही. उगीच लोकांचा गैरसमज नको.

रविवार, ता. १०

पहिलं पदभ्रमण सुरळीत पार पडलं.

माणसं बेताची होती. प्रसूतिगृहातल्या निवृत्त नर्सबाई, कोपऱ्यावरच्या इमारतीतलं नवं जोडपं, शाळेत कवायत शिकवणारे सर, आणखी सातआठ जण. वकीलही आले होते. लोक किती येतात ते बघायला आलोय, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. माणूस उघड शत्रुत्व करतो, हे एक बरं आहे.

पुलावर मी दगड, चुना, कमानीवर येणारा भार हे सविस्तर सांगितलं. पूल मधोमध थोडा वाकडा आहे. हा बांधकामातला दोष आहे, त्याकडे लक्ष देऊ नये, असंही सांगितलं. नर्सबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या मागे हिच्याबरोबर राहिल्या. जोडप्यातली ती मुलगीही हळूहळू मागे पडली. बुटाचा दोष असावा.

मनोऱ्यावर चढलो तेव्हा मागून जोरात हसण्याचा आवाज आला. तळ्यावर बदकं आली आहेत, त्यांचा असेल.

पंपहाउसमध्ये मी तीस हॉर्सपॉवरच्या मोटरपासून सुरुवात केली आणि नळजोडण्यांपर्यंत आलो. वकिलांनी दोनदा जांभई दिली, पण ते विरोधी पक्षात आहेत. शेपूट बरंच उशिरा पोचलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघून हसत होत्या, अगदी मायेने. तीस हॉर्सपॉवर म्हटल्यावर नर्सबाईंनी चक्क डोळे पुसले. यंत्रसामग्री इतकी हृदयाला भिडते याची मला कल्पना नव्हती.

गुरुवार, ता. १४

वसाहतीत चर्चा आहे. दूधवाला म्हणाला, "काका, तुमच्या त्या फिरण्याचं फार ऐकलं. येत्या रविवारी बायकोला पाठवतो." मी त्याला मार्ग समजावून सांगत होतो तर म्हणाला, "मार्गाचं राहू द्या. काकू असतील ना?" लोकांना वाटतं घरचं बाईमाणूस बरोबर असलं म्हणजे कार्यक्रम सभ्य असतो. असतील म्हणालो.

रविवार, ता. १७

गर्दी! फाटकावरच्या बाकांवर बसायला जागा नव्हती. इतकी माणसं पाहून माझा आवाज आपोआप वर चढला. कर्णा भाड्याने आणायची गरज पडली नाही.

पण आता एक चिंता. रांग विचित्र आकाराची होते आहे. पुढे मी, माझ्यामागे कवायतीचे सर, त्यांच्यामागे जोडप्यातला तो मुलगा (तोही सारखा मागे वळून बघणारा), मग लांबलचक मोकळी वाट, आणि मग एकदम सगळी वसाहत. मी थांबलो की तेही थांबतात. मी सावकाश चाललो तर ते त्याहून सावकाश चालतात. पुलावर तर मागची मंडळी मधोमध उभी राहून त्या वाकड्या भागाकडे बोटं दाखवत लोटपोट हसत होती. लक्ष देऊ नका असं मी स्पष्ट सांगितलं होतं.

मनोऱ्यावर मी शिडीच्या पायऱ्यांचा इतिहास सांगत होतो तेव्हा त्या मुलाने विचारलं, "काका, तुमचं झालं की मी जरा मागे जाऊ? बायको तिकडे आहे." जा म्हटलं. नवं लग्न आहे. कवायतीच्या सरांना मात्र मानलं. शेवटपर्यंत सावधान उभे होते.

पंपहाउसशी एका अनोळखी आजोबांनी विचारलं, "भोंगा कुठाय हो, भोंगा?" मी चकित झालो. माझ्या भाषणात भोंग्याचा उल्लेखच नाही. भोंगा म्हटला की नाही त्या आठवणी निघतात, म्हणून मी तो मुद्दाम गाळला आहे. छताखालचा दाखवला तर सगळे वर माना करून देवदर्शनासारखे बघत राहिले.

शेपटाने मात्र फारच उशीर केला. सायकलवाल्यांची वाट अडली आणि वकिलांना आयतंच निमित्त मिळालं. "तुमची मिरवणूक आवरा," म्हणाले, "नाहीतर हेही अर्जात घालतो."

सोमवार, ता. १८

शांतपणे विचार केला. दोष शेपटात आहे. ही स्वभावाने मऊ. कोणी थांबलं की ही थांबते, कोणी बसलं की ही बसते, वर गप्पा मारते. अधीक्षक बाईंच्या समोर असली बेशिस्त दिसली तर पंपहाउस गेलंच म्हणून समजा. हिरवी झेंडी कवायतीच्या सरांना द्यायचं ठरवलं. त्यांच्याकडे शिट्टी आहे.

हिला सांगताना जरा जड गेलं. "तुला उगीच चालण्याचा त्रास. रविवारी आराम कर," म्हणालो.

"मला त्रास होत नव्हता," ही म्हणाली. मग आत गेली, झेंडीला इस्त्री केली, घडी घालून माझ्या हातात दिली. किती समजूतदार बाई आहे!

शनिवार, ता. २३

ही आठवडाभर फारसं बोलत नाही. मी विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणाली, मी आराम करतेय.

रविवार, ता. २४

फज्जा.

सुरुवातीला गर्दी गेल्या रविवारहून मोठी होती. फाटकावर जो तो विचारत होता, "काकू कुठायत?" मी सांगितलं, विश्रांती घेतायत. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सरांनी शिट्टी फुंकली आणि आम्ही निघालो. काय शिस्त होती! दोन-दोनच्या रांगा, पावलाला पाऊल. पुलावर सगळ्यांनी माझं पूर्ण ऐकलं, कारण सर मागून कोणाला सरकू देत नव्हते.

पूल उतरल्यावर एक कुटुंब बुटाची नाडी बांधायला थांबलं ते पुन्हा दिसलं नाही. मनोऱ्याच्या चढावर दूधवाल्याच्या बायकोला घरी गॅस चालू ठेवल्याची आठवण झाली. मग एकेकाला कसकशाची आठवण होऊ लागली. तळ्यावर आलो तर माझीच माणसं होड्यांत बसून पाय मारत होती. मला बघून काहींनी हात हलवला. सरांनी काठावरून शिट्टी वाजवली, तर होडीवाल्याला वाटलं वेळ संपली. त्याने सगळ्या होड्या बोलावून घेतल्या आणि मग जे भांडण झालं ते लिहिण्यासारखं नाही.

पंपहाउसपर्यंत पोचलो आम्ही चौघं. मी, सर, नर्सबाई आणि वकील. वकिलांना इतका आनंद झाला होता की त्यांनी माझं भाषण पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकलं.

"पुढच्या रविवारी अधीक्षक येतायत, नाही का?" जाताना म्हणाले.

नर्सबाई पायरीवर बसून गुडघे चोळत होत्या. म्हणाल्या, "अहो पंपवाले, शेपूट तुम्ही कापलंत."

वय झालंय त्यांचं.

बुधवार, ता. २७

पराभवाची कारणमीमांसा: एक, ढगाळ हवा. दोन, होडीवाल्याने दर कमी केले असावेत. तीन, माझा आवाज मागेपर्यंत पोचत नाही. तिसरं कारण आपल्या हातातलं आहे. म्हणून रोज गच्चीवर उभं राहून संपूर्ण भाषण मोठ्याने म्हणतो आहे. आज खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने वर बघून विचारलं, "काही मदत हवीय का?" म्हणजे आवाज पोचतो आहे.

शनिवार, ता. ३०

आवाज गेला.

काल दुपारी घोगरा झाला, संध्याकाळी फाटला आणि आज सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा. हिने गरम पाणी दिलं, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. वकील घशाच्या गोळ्या घेऊन आले, "बरे व्हा" म्हणाले आणि जिना उतरताना गाणं गुणगुणत गेले.

आयुष्यभर ज्या जागेवर उभा राहिलो ती उद्या जाणार आणि मला तिच्या बाजूने एक शब्दही बोलता येणार नाही. पंपहाउसमध्ये एकटाच असायचो मी. मला बोलायची सवय कधी नव्हतीच. पंप बोलायचा, मी ऐकायचो. आता कुठे बोलायला लागलो होतो.

शेवटी हिच्यासमोर भाषणाचे कागद ठेवले आणि पाटीवर लिहिलं: 'उद्या पुढे तू. हे वाच.' हिने कागद चाळले. तीस हॉर्सपॉवरचं पान आल्यावर जरा हसली, मग सगळे परत माझ्या हातात दिले.

"वाचणार नाही. सांगेन."

मी लिहिलं: 'काय सांगशील?'

"उद्या ऐका की. तुम्ही शेपूट." आणि हिरवी झेंडी माझ्यासमोर ठेवली. सरांकडून ती कधी परत आली, मला कळलंसुद्धा नाही.

रविवार, ता. ३१

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी फाटकाशी गेलो तर तोबा गर्दी. ही येणार हे कोणी सांगितलं देव जाणे. अधीक्षक बाई वेळेवर आल्या. वयाने आमच्या लेकीएवढ्या, बुटांना बागेतल्या कामाची धूळ. वकिलांनी पुढे होऊन त्यांना पार्किंगचा नकाशा दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि "आधी फिरून येऊ" म्हणाल्या.

ही लाल झेंडी घेऊन पुढे निघाली. मी शेवटी, हिरवी झेंडी धरून, नर्सबाईंच्या गुडघ्यांच्या चालीने. आणि सगळी वसाहत? ती पुढे, हिच्याभोवती! मोकळी वाट आता मागे होती आणि तिच्या टोकाला आम्ही दोघं. पुलावर हसण्याचा तोच आवाज आला. ती बदकं नव्हती, एवढं आज मला दिसलं.

मी नर्सबाईंकडे बघून खूण केली, काय चाललंय?

"पुलाचं सांगतेय," त्या म्हणाल्या. "दोन गवंडी होते. या तीरावरचा एक, त्या तीरावरचा एक. सख्खे साडू. बायकांवरून अबोला. दोघं आपापल्या बाजूने बांधत आले आणि मधोमध भेटले, तर सरळ जुळेना. पण आधी बोलायचं कोणी? मग तसाच वाकवून जोडला."

मी हातवारे करून विचारलं, हे खरं आहे का?

"अहो, पूल वाकडा आहे की नाही?"

मनोऱ्याचा पहारेकरी म्हणे लांबचं बघू शकत नव्हता. बघायची त्याची बायको, आणि बोंब ठोकायचा तो. लोक त्यालाच शाबासकी देत. ही गोष्ट ऐकताना नर्सबाई माझ्याकडे बघून इतक्या हसल्या की मला त्यांना धरावं लागलं.

"दर रविवारी मागे हेच चालायचं," त्या म्हणाल्या. "आम्ही यायचो ते बाईंसाठी. तुम्ही आपले पुढे. तुमचं भाषण म्हणजे सगळ्यांना तिकिटाचे पैसे वाटायचे, तेवढे भरले की झालं."

खोटं कशाला लिहू, राग आला. एकदम सणकून आला. आवाज असता तर काहीतरी बोलून बसलो असतो. माझ्या मोहिमेत, माझ्या पाठीमागे, मला कळू न देता! तळ्याच्या कडेने चालताना मी झेंडी जमिनीवर आपटत चाललो होतो.

पंपहाउसशी पोचलो तेव्हा सगळे पायऱ्यांवर, काठावर, कठड्यावर बसले होते. ही दाराशी उभी होती. आता पुढचे शब्द मी जसे ऐकले तसे लिहितो.

"इथे एक पंपवाला होता," ही म्हणाली. "बोलायचा कमी, पण वेळेचा इतका पक्का की त्याच्या भोंग्यावर लोक घड्याळं लावायचे. त्याची बायको बाळंतपणाला दवाखान्यात, आणि हा इथे. ड्यूटी सोडून जाणं त्याच्या जिवावर यायचं. भर दुपारी फोन वाजला. मुलगी झाली. आता सांगणार कुणाला? आत हा आणि पंप. मिठाई वाटावी तर दुकान लांब. मग त्याने काय केलं? भोंगा वाजवला!"

माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. त्या दुपारी यंत्राची चाचणी होती, असं मी हिला सांगितलं होतं. वरिष्ठांनाही तेच सांगितलं होतं आणि त्यांची बोलणी खाल्ली होती.

"झालं, सगळी वसाहत बादल्या घेऊन नळावर. आणि नळ कोरडे! याने खिडकीतून पाहिलं, तर बायामाणसं उन्हात ताटकळतायत. त्याला कसंतरीच झालं. मग त्याने पंपच सुरू केला. मुलगी झाली म्हणून या माणसाने अख्ख्या वसाहतीला पाणी वाटलं. आणि तिकडे दवाखान्यात खाटेवर त्याच्या बायकोने अवेळी भोंगा ऐकला आणि नर्सला म्हणाली, आमच्यांना कळलं वाटतं."

"अगदी असंच म्हणाली," नर्सबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "फोन मीच केला होता ना."

मी खाली बघत उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते हिरव्या झेंडीने पुसलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही. हिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून, खाटेवरून, माहीत होतं.

तेवढ्यात मधूनच वकील उठले. चेहरा पार उतरलेला.

"दुपारी?" ते म्हणाले. "भर दुपारी? वेळ नसताना?"

"हो," ही म्हणाली.

"म्हणजे... माझा अर्ज?"

लोक गालातल्या गालात हसायला लागले. मला त्यांच्याकडे बघवेना. कितीही झालं तरी आयुष्यभर माणूस ज्या गोष्टीवर जगला ती अशी पायाखालून गेली. पण ही किती धीराची! चटकन म्हणाली, "तुमचा अर्ज होताच की हो वकीलसाहेब. अर्ज आणि मुलगी एकाच दिवशी पोचले. पाणी कोणामुळे आलं हे कोणी सांगावं? इथे या दारात दोन्हींची गाठ पडली, एवढं खरं."

वकिलांनी घसा खाकरला. एकदा पंपहाउसकडे पाहिलं, एकदा लोकांकडे. मग अधीक्षक बाईंकडे वळून म्हणाले, "या वास्तूचं कायदेशीर महत्त्व आजवर कोणी ध्यानात घेतलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे."

अधीक्षक बाईंनी वर छताकडे बोट केलं. "हाच भोंगा? वाजतो अजून?"

सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली. बाई म्हणाल्या, वाजवा.

मी आत गेलो. दांड्याला हात घातला. आधी तो माझ्या घशासारखाच घोगरा घरघरला. मग चढला. चढत गेला. तळ्यावरची बदकं उडाली, होडीवाला उभा राहिला, आणि पलीकडच्या जुन्या बैठ्या घरांची दारं एकामागून एक उघडली. काय सांगू! आजोबा, आजी, एक गृहस्थ तोंडाला साबण लावलेले, सगळे बादल्या घेऊन बाहेर. कितीतरी वर्षांपूर्वीच्या सवयीने नळाशी जाऊन उभे. एक आजी हात कपाळाशी धरून ओरडल्या, "आज रविवारचं पाणी कसं काय सोडलंत हो?"

अधीक्षक बाई हसत हसत पायरीवरच बसल्या.

मी दांडा सोडला नाही. बोलता येत नव्हतं ना. ही दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि मला जेवढं सांगायचं होतं तेवढा वेळ मी तो फिरवत राहिलो.

मंगळवार, ता. ९

निकाल आला. पंपहाउस राहणार. पार्किंग होडीधक्क्यामागच्या पडीक जागेत. भोंगा फक्त पदभ्रमणाच्या शेवटी वाजवायचा आणि दारावर ठळक पाटी लावायची: 'भोंगा वाजल्यास पाणी येणार नाही.' वकिलांनी आत लावण्यासाठी त्यांच्या अर्जाची चौकटीतली प्रत आणून दिली. आम्ही ती भोंग्याच्या बरोबर खाली लावली.

रविवार, ता. १४

आवाज परत आला आहे. तरी पुढे हीच असावी असं मी स्वतःहून सुचवलं. लगेच मान्य झालं. कोणी फारसा आग्रह केला नाही.

शेपूट मी. आणि एक गोष्ट नमूद करतो: आज एकही माणूस मागे राहिला नाही. कोणी जरा रेंगाळलं की मी जवळ जाऊन मोटरची माहिती सुरू करायचो, की ते लगेच झपझप पुढे. नर्सबाईसुद्धा गुडघे विसरून पुढे गेल्या. पदभ्रमण प्रथमच वेळेवर संपलं. शेपटाला शिस्त लागते ती अशी.

परतताना तळ्याच्या वाटेवर ही थांबली. लाल झेंडी कवायतीच्या सरांच्या हातात दिली, लोकांना पुढे जाऊ दिलं आणि मागे माझ्याजवळ आली. आम्ही दोघं बरोबरीने चालू लागलो.

मग ही म्हणाली, "ती मोटर किती हॉर्सपॉवरची होती म्हणालात?"

हे हिला झोपेतही सांगता येईल. पण मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि घर येईपर्यंत ही ऐकत होती.